वेल्चच्या दरीत, १९६०

तुझं आत्ताचं वय, नाव, गाव बाजूला ठेव. इथून पुढे तू दहा वर्षांची मुलगी आहेस. साल १९६०, एप्रिल संपत आलाय. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या पार दक्षिणेला मॅकडॉवेल नावाची काउंटी आहे. तिचं मुख्य गाव वेल्च, आणि वेल्चपासून काही मैलांवर, दोन डोंगरांच्या बेचक्यात तुझं घर. बेचकं इतकं चिंचोळं की रेल्वेचे रूळ, ओढा, रस्ता आणि घरांची एक रांग एवढ्यातच जागा संपते. डोंगर सरळ उभे चढतात. सकाळी ऊन तुमच्या अंगणात उशिरा उतरतं आणि दुपार कलायच्या आत समोरच्या कड्यावर चढून निघून जातं.

तुला जाग येते ती थंडीनं. एका पलंगावर तुम्ही तिघी बहिणी, वर आजीनं जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची शिवलेली गोधडी. भिंती नुसत्या उभ्या फळ्यांच्या. फटींतून वारा येऊ नये म्हणून आतून खळीनं वर्तमानपत्रं चिकटवलेली. तू वाचायला शिकलीस ती याच भिंतीवर. पलंगाच्या उशाशी साबणाची एक जाहिरात आहे, ती तुला तोंडपाठ आहे.

उठल्यावर तुझं पहिलं काम कोळसा आणायचं. तो विकत आणायचा नसतो, वेचायचा असतो. रात्री मालगाडी वळणावर हेलकावते तेव्हा वाघिणींतून ढेकळं खाली पडतात. गोणपाट घेऊन तू आणि धाकटा भाऊ रुळांच्या कडेनं चालता. हात काळे होतात, नखांत काळं बसतं, शाळेत बाई बोटं पुढे करायला सांगतात तेव्हा तू मुठी मिटून घेतेस. ओढ्याचं पाणीही काळं. खाणीतून निघालेल्या दगडी कचऱ्याचा जो ढीग दरीच्या तोंडाशी आहे, तो आतून वर्षानुवर्षं जळतोय. त्याचा गंधकाचा वास तुझ्या फ्रॉकला येतो, पण तो तुला कळत नाही. बाहेरून कुणी पाहुणा आला की तो नाक मुरडतो, तेव्हाच कळतं.

डॅडी स्वयंपाकघरात बसलेले असतात. काळजी नेमकी तीच आहे, की या वेळी ते घरात आहेत. खाण बंद होऊन दोन हिवाळे गेले, तरी ते पहाटे चारला उठतात. त्यांचा ॲल्युमिनियमचा गोल डबा दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला आहे. त्याच्या तळाच्या कप्प्यात पाणी आणि वरच्या कप्प्यात जेवण असायचं. खाणीत अडकून पडायची वेळ आली तर पाणी हाताशी असावं, म्हणून आई तो तळ काठोकाठ भरायची. आता डबा रिकामा आहे, पण तो खिळ्यावरून काढायचं धाडस घरात कुणी करत नाही. डॅडी खोकतात. खोकला आला की टेबलाची कड धरून उभे राहतात. कंपनीच्या डॉक्टरनं फार पूर्वीच सांगून ठेवलंय, हा खाणवाल्यांचा दमा, सगळ्यांनाच असतो, त्यानं काही होत नाही. डॅडी सेहेचाळीस वर्षांचे आहेत आणि घरामागच्या दहा पायऱ्या एका दमात चढू शकत नाहीत.

जेवायला पिंटो बीन्स आणि कॉर्नब्रेड. काल तेच होतं, उद्या तेच असेल. आई रात्री घेवड्याच्या ठिपकेदार बिया भिजत घालते, सकाळी त्या चुलीवर चढवते, आणि असला तर खारवलेल्या डुकराच्या चरबीचा एक तुकडा त्यात टाकते. मक्याचं पीठ कालवून बिडाच्या तव्यात ओतते. शेजारी तळलेले बटाटे. एप्रिलमध्ये मात्र जेवणाला चव येते, कारण डोंगरात रॅम्प्स उगवतात, कांद्या-लसणाच्या जातीची रुंद पानांची रानभाजी. ती खाल्ली की दोन दिवस अंगाला वास येतो आणि शाळेत शिक्षक तुम्हाला मागच्या बाकावर बसवतात. पुढे जुलैत ब्लॅकबेरी पिकतील. आई काचेच्या बरण्या उकळून फळं, शेंगा, टोमॅटो भरून ठेवील. सप्टेंबरमध्ये फळीवर किती बरण्या आहेत ते मोजलं की हिवाळा कसा जाणार ते कळतं. आई रोज मोजते.

तुझी आजी, तुमच्या बोलीत मॅमॉ, पलंगाखाली तंबाखूचा एक पत्र्याचा डबा ठेवते. त्यात पितळेची, निकेलची जुनी नाणी आहेत. मध्ये भोक पाडलेलं, वर कंपनीच्या नावाची अक्षरं. एक उचल आणि आणखी मागे जा. साल १९२६, आता तू मॅमॉ आहेस, वय एकोणीस, कडेवर मूल, कंपनीच्या दुकानाच्या लाकडी काउंटरसमोर उभी. हे नाणं म्हणजे स्क्रिप. नवऱ्याच्या पुढच्या पगारावर कंपनीनं दिलेली उचल. ते याच दुकानात पूर्ण किमतीनं चालतं. दुसरीकडे कुणी घेतलंच तर कमी किमतीत घेतो. पीठ, बूट, औषध, सगळं इथूनच. नवऱ्याला खाणीत लागणारी सुरुंगाची दारू आणि दिव्याचं कार्बाइडही इथूनच, आणि स्वतःच्या पैशानं. घर कंपनीचं. डॉक्टरचे पैसे, भाडं, हत्यारांना धार लावण्याचे पैसे, हे सगळं पगारातून आधीच कापलेलं. मजुरी टनावर. छताला टेकू देणं, पडलेला दगड उचलणं, साचलेलं पाणी काढणं, याला मजुरी नाही, कारण त्यातून कोळसा निघत नाही. गाडीत दगड जास्त आढळला तर तिचीही मजुरी कापली जाते. महिन्याच्या शेवटी हातात कागद पडतो आणि शेवटच्या रकान्यात अनेकदा शून्य असतं.

ही माणसं निमूट सोसत होती असं समजू नकोस. पाच वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९२१ ला, याच वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर सिड हॅटफील्डला दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या. शेजारच्या काउंटीतल्या मेटवान गावाचा हा पोलीसप्रमुख खाण कामगारांच्या बाजूनं उभा राहिला होता. गोळ्या घालणारे कंपन्यांच्या भाडोत्री गुप्तहेर संस्थेचे लोक होते, आणि कुणालाही शिक्षा झाली नाही. त्या महिन्याच्या अखेरीस हजारो कामगार बंदुका घेऊन ब्लेअर माउंटनवर चढले. त्यांना मागे फिरवायला लष्कर आणावं लागलं. संघटना या डोंगरात उघडपणे उभी राहू शकली ती १९३३ नंतर, रूझवेल्टच्या काळात कायद्यानं संघटनेचा हक्क मान्य केल्यावर. म्हणून मॅमॉच्या भिंतीवर तीन तसबिरी आहेत: येशू, रूझवेल्ट, आणि जाड भुवयांचा कामगारनेता जॉन एल. लुईस.

परत ये, १९६० मध्ये. लुईसची तसबीर अजून भिंतीवर आहे, पण डॅडी तिच्याकडे पाहत नाहीत. १९४६ च्या करारानं कामगारांना आरोग्य आणि निवृत्तीचा निधी मिळाला, दर टनामागे खाणमालकांनी पैसे भरायचे. त्यातून डोंगरात दहा इस्पितळं उभी राहिली. ही मोठी गोष्ट होती, आणि तुझा सगळ्यात धाकटा भाऊ त्या निधीच्या कार्डावरच जन्मला. पण १९५० च्या करारात लुईसनं यंत्रांना वाट मोकळी केली. त्याचा हिशेब असा, की थोडे कामगार राहिले तरी चालतील, पण जे राहतील त्यांना चांगला पगार मिळावा. जे राहणार नाहीत त्यांच्यात डॅडी होते. खडक न फोडता, सुरुंग न लावता कोळसा खरवडून काढणारी यंत्रं खाणीत उतरली. पूर्वी एक टोळी जे पाळीभर करायची ते यंत्र थोड्या वेळात करू लागलं. त्यात घरोघर तेल आणि गॅस आला, आणि रेल्वेनं कोळशाची इंजिनं सोडून डिझेलची घेतली. तुमच्या दरीतून जाणारी नॉरफोक अँड वेस्टर्न या बाबतीत देशातल्या मोठ्या रेल्वेंत सगळ्यात शेवटी वळली, आणि तिचीही वाफेची इंजिनं याच वर्षी थांबतायत. राज्यात १९४८ च्या सुमारास सव्वा लाख खाण कामगार होते. आता पन्नास हजारही नाहीत. वर्षाहून जास्त काळ काम नसलेल्यांची इस्पितळाची कार्डंही निधीनं १९६० मध्ये काढून घेतली. निधी टनावर चालत होता, आणि माणसं त्या टनातून वजा झाली होती.

महिन्यातून एकदा तुम्ही शिध्याच्या रांगेत उभं राहता. डॅडी येत नाहीत. आई येते, आणि ओझं उचलायला तू. पीठ, मक्याचं पीठ, तांदूळ, दुधाची पावडर, अंड्याची पावडर, चरबी. पावडरीचं दूध कितीही ढवळलं तरी गुठळ्या राहतात. फळ नाही, भाजी नाही, ताजं मांस नाही. हे धान्य सरकारनं शेतमालाचे भाव पडू नयेत म्हणून शेतकऱ्यांकडून विकत घेतलेलं. गोदामं भरून वाहतायत. या गोदामांचं दुसरं टोक मराठी वाचकाला ओळखीचं आहे. ४ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी, केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याबरोबर करारावर सही केली: चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली. आपल्याकडे त्या पिढीला रेशनचा अमेरिकन गहू आठवतो, आणि त्याबरोबर असाही समज की ज्या देशातून हा गहू येतो तिथं कुणी उपाशी नसणार. वेल्चच्या रांगेत उभी असलेली तू त्याच देशाची मुलगी आहेस. धान्य होतं, भरपूर होतं. ते विकत घ्यायला लागणारी मजुरी नव्हती.

सही झाली त्या सुमारास तुमच्या दरीत मोटारी येऊ लागल्या. मॅसॅच्युसेट्सचा एक तरुण, श्रीमंत, कॅथलिक सिनेटर अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मतं मागत फिरत होता. वेस्ट व्हर्जिनियात बहुतेक सगळे प्रोटेस्टंट. जॉन केनेडी इथं हरणार असं पुष्कळांना वाटत होतं. तो खाणीच्या तोंडाशी पाळी सुटताना उभा राहायचा आणि काळ्या हातांशी हात मिळवायचा. १० मे १९६० ला इथल्या प्राथमिक निवडणुकीत त्यानं पक्षातल्या प्रतिस्पर्ध्याला, ह्यूबर्ट हम्फ्रीला, हरवलं आणि हम्फ्री शर्यतीतून बाहेर पडला. सप्टेंबरमध्ये ओहायोतल्या कँटन गावी भाषण करताना केनेडीनं मॅकडॉवेलचं नाव घेतलं. ही काउंटी इतिहासात कधी नव्हता एवढा कोळसा काढते आहे, आणि तरी देशात सरकारी शिध्यावर जगणारे लोक सगळ्यात जास्त इथंच आहेत, कारण माणसांची कामं यंत्रं करतायत आणि त्या माणसांना आपण दुसरं काम देऊ शकलो नाही, असा त्याचा आशय होता. मला या विषयावर जे काही वाचायला मिळालं त्यात इतकं नेमकं निदान दुसरं सापडलं नाही. तुझ्या घरात आळस नव्हता, दारू नव्हती, अडाणीपणा नव्हता. कोळसा होता, आणि त्या कोळशाचे पैसे कोळशाबरोबरच वाघिणीत बसून दरीबाहेर गेले. डोंगराची मालकी कंपन्यांची, खालच्या थरांची मालकी कंपन्यांची. खाण बंद करायच्या आधी फळ्यांची घरं तेवढी कामगारांना विकली.

केनेडी अध्यक्ष झाला आणि २१ जानेवारी १९६१ ला, कामाच्या पहिल्याच दिवशी, त्यानं शिधा वाढवण्याचा आदेश काढला. मे महिन्याच्या २९ तारखेला तू आईबरोबर वेल्चमध्ये असतेस. हेंडरसन्स सुपरमार्केटसमोर गर्दी, छायाचित्रकार, कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन. पेन्सव्हिलचं मन्सी दाम्पत्य, पंधरा माणसांचं घर, पंचाण्णव डॉलरचे फूड स्टॅम्प घेतं. नव्या योजनेतले देशातले पहिले. पहिली खरेदी म्हणजे डुकराचं मांस आणि बीन्सचा एक डबा. ते पाहून तुला वाटतं, एवढ्या मोठ्या देशाला एक डबा दुकानाच्या काउंटरवर ठेवायला इतके कॅमेरे का लागले? आईचं मात्र लक्ष दुसरीकडे आहे. ती हिशेब करते. स्टॅम्प फुकट नाहीत. उत्पन्नाप्रमाणे काही रक्कम रोख भरायची, मग त्याहून जास्त किमतीचे स्टॅम्प मिळतात. रोख पैसे कुठून आणायचे? शिवाय स्टॅम्पवर फक्त खायचं मिळतं. साबण नाही, रॉकेल नाही, बूट नाहीत.

ज्या दिवशी पहिल्यांदा आई स्टॅम्प घेऊन दुकानात जाते त्या दिवशी ती संत्री घेते. सहा. घरी आल्यावर ती सालं फेकत नाही, चुलीच्या कडेला सुकत ठेवते, आणि घरात तो वास आठवडाभर राहतो. डॅडी आपलं संत्रं खात नाहीत. खिशात घालून फिरतात, आणि संध्याकाळी ते तुझ्या धाकट्या भावाला मिळतं.

रोख पैसे येतात ते ओहायोतून. तुझा मोठा भाऊ अठराचा झाल्यावर क्लीव्हलंडला गेला. या डोंगरांतून लाखो माणसं अशीच गेली: क्लीव्हलंड, अ‍ॅक्रन, डेट्रॉइट, सिनसिनाटी. मोटारीचे कारखाने, टायरचे कारखाने. एका खोलीत चार-पाच गाववाले, एक पाळीवरून आला की दुसरा त्याच पलंगावर झोपणार. गिरणगावातल्या खानावळी आणि गाळे ज्यांनी ऐकलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. तिकडे त्यांच्या बोलण्याची नक्कल होते, त्यांना हिलबिली म्हणतात, काही घरमालक खोली देत नाहीत. शुक्रवारी कारखाना सुटला की मोटारींची रांग दक्षिणेकडे निघते. रात्रभर गाडी चालवून भाऊ शनिवारी पहाटे पोचतो, रविवारी दुपारी परत निघतो. आई त्याच्या मोटारीत बरण्या ठेवते. तो आईच्या अ‍ॅप्रनच्या खिशात दहा डॉलर सरकवतो. दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत.

तू अभ्यासात चांगली आहेस. शिक्षक सांगतात, याच काउंटीतल्या कोलवुड नावाच्या खाणगावातल्या मुलांनी रॉकेट उडवून १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात पदक मिळवलं. ते खरं आहे. त्यातला एक, होमर हिकम, पुढे नासात अभियंता झाला आणि त्यानं ही गोष्ट पुस्तकात लिहिली. पण तुला कळतं की त्या गोष्टीत सगळे मुलगेच आहेत. मुलींना खाणीच्या तोंडाशी फिरकू देत नाहीत, अपशकुन मानतात, आणि खाणीखेरीज इथं दुसरी नोकरी नाही. दरीच्या वरच्या अंगाला कृष्णवर्णीय कामगारांची घरं आहेत. त्यांचे बाप तुझ्या बापाबरोबर एकाच थरात, एकाच अंधारात काम करत होते, पण त्यांच्या मुलांसाठी शाळा वेगळी होती. यंत्रं आली तेव्हा त्यांच्यातल्या फार लोकांच्या नोकऱ्या आधी गेल्या. त्या घरांतले दिवे तुमच्या घरांआधी विझले.

आठ वर्षं पुढे ये. २० नोव्हेंबर १९६८, राज्याच्या उत्तर भागात फार्मिंग्टनची नऊ नंबरची खाण स्फोटात उडते. आत नव्याण्णव माणसं होती. एकवीस बाहेर आली, अठ्ठ्याहत्तर गेली. टीव्हीवर धुराचे लोट दिसतात. डॅडी खुर्चीत बसून पाहतात. आता ते रात्री आडवे होऊ शकत नाहीत, बसूनच झोपतात. तू त्यांना बेकलीच्या इस्पितळात नेतेस, डॉक्टर डोनाल्ड रासमुसेन यांच्याकडे. हा डॉक्टर नुसत्या एक्स-रेवर थांबत नाही. रुग्णाला यंत्रावर चालायला लावतो आणि चालताना त्याच्या रक्तात प्राणवायू किती उरतो ते मोजतो. डॅडी थोडंसंच चालतात. इतकी वर्षं ज्याला दमा म्हटलं त्याला पहिल्यांदा कुणी आजार म्हणतं: काळं फुप्फुस, कोळशाच्या धुळीनं झालेलं. बरं न होणारं.

फेब्रुवारी १९६९ मध्ये कामगार काम टाकून बाहेर पडतात. त्यांच्या संघटनेच्या नेत्यांनी हा संप पुकारलेला नाही, तरी राज्यातल्या चाळीस हजारांहून जास्त कामगारांनी काम थांबवलं. त्यांना पगारवाढ नको होती, एक आजार कायद्यात लिहून हवा होता. राजधानी चार्ल्सटनमध्ये मोर्चे निघतात. विधवा येतात. खोकणारे म्हातारे विधिमंडळाच्या पायऱ्या थांबत थांबत चढतात. तू डॅडींना खांद्याचा आधार देतेस. मार्चमध्ये राज्याचा कायदा होतो. ३० डिसेंबर १९६९ ला देशाचा कायदा होतो: धुळीवर मर्यादा, खाणींची सक्तीची तपासणी, आजारी कामगारांना भरपाई. तुझ्या बापानं आयुष्यात जिंकलेली ही एकच लढाई, आणि ती त्यांनी काम सुटल्यावर, श्वास संपत आल्यावर जिंकली.

आता तुझ्या स्वतःच्या वर्षात परत ये. मॅकडॉवेल काउंटीत १९५० च्या जनगणनेत ९८,८८७ माणसं होती, २०२० मध्ये १९,१११ उरली. वॉलमार्टचं मोठं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. फूड स्टॅम्प दुसऱ्या नावानं अजून चालू आहेत, आणि आता ते घ्यायला रोख पैसे भरावे लागत नाहीत. जाड थर संपले म्हणून आता पातळ थर खणतात. त्यासाठी कोळशाबरोबर खडकही कापावा लागतो आणि त्याची सिलिकाची धूळ कोळशाच्या धुळीहून घातक असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी शास्त्रज्ञांच्या अभ्यासात, या मध्य अ‍ॅपलाचियाच्या पट्ट्यात पंचवीस किंवा जास्त वर्षं काम केलेल्या दर पाच खाण कामगारांपैकी एकाला काळ्या फुप्फुसाचा आजार आढळला. हा आजार धूळ दाबली तर टाळता येतो, आणि ती दाबणं १९६९ पासून कायद्यानं बंधनकारक आहे.